मिर-१२२: गाठीत घटलेलं, रक्तात वाढलेलं

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, घर बडोद्याच्या दांडिया बाजारात, बँकेतून निवृत्त. पंधरा वर्षांपूर्वी रक्तदानाच्या वेळी हिपॅटायटिस बी निघाला. त्रास काही नव्हता, म्हणून पुढे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आता सोनोग्राफीत यकृत खडबडीत दिसतंय आणि उजव्या भागात पावणेतीन सेंटिमीटरची गाठ आहे. सीटी व्हायचा आहे. तेवढ्यात एका नातेवाइकांच्या आग्रहाने बाहेरगावच्या लॅबला रक्त पाठवून 'मायक्रोआरएनए पॅनेल' करून घेतलं. रिपोर्टमध्ये मिर-१२२ आणि मिर-२१ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढचा आकडा त्याचा क्रमांक) वाढलेले, आणि खाली लाल अक्षरांत शेरा: पसरण्याचा धोका जास्त. मुलाने वाचायला घेतलं, तर जिथे तिथे लिहिलेलं की यकृताच्या कॅन्सरमध्ये मिर-१२२ कमी होतं. मग रिपोर्ट खरा की वाचलेलं खरं? आणि हे १२२ बाहेरून देता येतं का?

दोन्ही खरं आहे. चूक आहे ती लाल अक्षरांतल्या शेऱ्यात.

मी पॅथॉलॉजीत सव्वीस वर्षं आहे. त्यातली बरीचशी इथेच बडोद्यात, आणि शेवटची बारा-तेरा वर्षं डीएनए-आरएनएच्या तपासण्यांत गेली. मायक्रोआरएनए हा माझ्या आवडीचा विषय आहे, हे आधीच कबूल करतो. म्हणूनच त्याच्या नावावर घाबरवणारे रिपोर्ट पाहिले की जरा जास्तच चिडतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतला संदर्भ विभाग डोळ्यांसमोर आणा. तिथलं पुस्तक घरी नेता येत नाही, हव्या त्या पानाची झेरॉक्स काढायची. डीएनए म्हणजे ते पुस्तक. झेरॉक्स म्हणजे मेसेंजर आरएनए, आणि तिच्यावरून पेशी प्रथिन बनवते. आता दाराशी एक कारकून बसवा. त्याच्या हातात बावीसेक अक्षरांची एक चिठ्ठी आहे. बाहेर जाणाऱ्या झेरॉक्सच्या शेपटाकडची अक्षरं या चिठ्ठीशी जुळली, की तो ती प्रत अडवून ठेवतो किंवा फाडून टाकतो. ही चिठ्ठी म्हणजे मायक्रोआरएनए. तिच्यापासून प्रथिन बनत नाही, तिचं काम फक्त दुसऱ्याला अडवण्याचं. पूर्ण चिठ्ठी जुळायचीही गरज नसते, सुरुवातीची सात-आठ अक्षरं पुरतात. त्यामुळे एकच कारकून शेकडो वेगवेगळ्या प्रती अडवू शकतो, आणि एकाच प्रतीवर चार-पाच कारकुनांची नजर असू शकते. पुढचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

हे प्रथम दिसलं १९९३ मध्ये, मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्कुन यांना. सात वर्षं लोकांना वाटत राहिलं की ही त्या कृमीचीच खोड आहे. मग २००० मध्ये लेट-७ नावाचा दुसरा मायक्रोआरएनए सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत सगळ्यांत तोच निघाला. २००२ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये असे दोन मायक्रोआरएनए हरवलेले आढळले आणि कॅन्सरवाल्यांचे कान टवकारले. अ‍ॅम्ब्रोस-रव्कुनना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये.

आता यकृत. निरोगी यकृताच्या पेशीत जेवढे मायक्रोआरएनए असतात, त्यांतले सुमारे ७० टक्के एकट्या मिर-१२२ चे. उंदराच्या यकृतात मोजलं तेव्हा पेशीमागे सरासरी पन्नास हजार प्रती निघाल्या. शरीरात दुसरीकडे ते जवळपास नसतंच. यकृताची पेशी घडताना जी प्रथिनं तिला 'तू यकृताची' असं शिकवतात, उदाहरणार्थ एचएनएफ-४ अल्फा, तीच १२२ चं जनुक चालू ठेवतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की १२२ हे पेशीचं कुळनाव समजा. पेशी कॅन्सरकडे सरकते तेव्हा ती हळूहळू यकृताची कामं विसरते: अल्ब्युमिन बनवणं, चरबीचा हिशोब ठेवणं, पित्त तयार करणं. त्याबरोबर १२२ ही उतरतं. ज्या गाठींत ते फार उतरलेलं असतं त्या जास्त आडदांड, लवकर पसरणाऱ्या, आणि त्या रुग्णांचं आयुष्य कमी असल्याचं दिसलं आहे. तुम्ही वाचलंत ते हे, आणि ते बरोबर आहे.

१२२ चं घटणं हा नुसता परिणाम की कारणही, हा वाद बराच काळ चालला. त्याचं उत्तर जरा आडवाटेने आलं. २००५-०६ च्या सुमाराला असं दिसलं की उंदरांत १२२ दाबलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. साहजिकच अनेकांच्या डोळ्यांसमोर नवीन औषध उभं राहिलं. मग २०१२ मध्ये १२२ चं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार झाले. कोलेस्टेरॉल त्यांचंही कमी होतं, पण आधी यकृतात चरबी साठली, मग सूज आली, मग यकृत घट्ट होत गेलं, आणि वय वाढल्यावर त्यांना यकृताचा कॅन्सर झाला. ना विषाणू, ना दारू, बाकी काही नाही. त्याच काळात दुसऱ्या प्रकारे कॅन्सर घडवलेल्या उंदरांना १२२ परत दिलं, तर गाठी कमी झाल्या. माझ्या मते या विषयातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच. आपल्याकडच्या दारूबंदीच्या राज्यातही चरबीच्या यकृताचे रुग्ण रांगेने येतात, तेव्हा मला हटकून ते उंदीर आठवतात.

वडिलांना हिपॅटायटिस बी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. हिपॅटायटिस सी चा विषाणू १२२ चा चक्क मित्र आहे. तो आपल्या आरएनएच्या टोकाला १२२ चिकटवून घेतो, आणि त्याच्या आधाराने सुरक्षित राहून वाढतो. बी चं याच्या उलट आहे. १२२ बी ला आवरतं, आणि बी चे आरएनए पेशीतलं १२२ शोषून घेतात, त्यामुळे बाकीच्या कामाला ते कमी पडतं. एकच रेणू, दोन विषाणूंशी दोन नाती. कुठल्याही मायक्रोआरएनएला 'चांगला' किंवा 'वाईट' म्हणताना म्हणूनच मी अडखळतो.

गाठ वाढते कशी, हे आता पाहू. मायक्रोआरएनएला फक्त अडवता येतं हे ध्यानात ठेवा. मग अडवणारा माणूस वाढ कशी घडवेल? शाळेतलं वजा गुणिले वजा. पेशीचं विभाजन थांबवणारी पी-२७ आणि पी-५७ नावाची प्रथिनं आहेत, आणि यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढलेलं मिर-२२१ नेमकी त्यांचीच झेरॉक्स फाडतं. थांबवणारं कुणी उरलं नाही की पेशी विभागत सुटते. तुमच्या रिपोर्टमधलं मिर-२१ पीटेन नावाच्या प्रथिनाला दाबतं. पीटेनचं काम वाढीच्या संदेशाची वात खाली ओढून ठेवणं. पीटेन गेलं की वात मोठी.

दुसऱ्या बाजूला जे कारकून गायब होतात, त्यांनी एरवी वाढीच्या प्रती अडवल्या असत्या. लेट-७ रॅस जनुकाच्या प्रती अडवतं. मिर-२६ए पेशीला विभाजनाच्या उंबरठ्याशी रोखून धरतं. २००९ मध्ये हे २६ए एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून कॅन्सर झालेल्या उंदरांना दिलं, तेव्हा गाठींची वाढ रोखली गेली आणि आजूबाजूच्या निरोगी पेशींना इजा झाली नाही. त्याच वर्षी माणसांतलं एक निरीक्षण आलं: गाठीत २६ कमी असलेले रुग्ण लवकर दगावत होते, पण इंटरफेरॉन या औषधाचा फायदाही त्यांनाच जास्त होत होता. बायकांच्या निरोगी यकृतात २६ पुरुषांपेक्षा जास्त असतं, हेही त्यात दिसलं. हा कॅन्सर पुरुषांत जास्त का, याला दारू, विषाणू, संप्रेरकं अशी बरीच कारणं आहेत. त्यात हा एक धागा. मला तो फार मोलाचा वाटतो, पण आज त्यावरून कुणाला औषध लिहून देता येत नाही.

आता पसरणं. तुमची खरी भीती ही आहे, तेव्हा इथे थोडं थांबतो.

यकृताचा कॅन्सर आधी यकृतातच पसरतो. गाठीतल्या पेशी शेजारच्या पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) बारीक फांद्यांत शिरतात आणि त्या वाटेने यकृताच्या दुसऱ्या भागात जाऊन बसतात. फुप्फुस, हाडं, अ‍ॅड्रिनल ग्रंथी हे बहुधा त्यानंतर. म्हणून सीटी वाचणारा डॉक्टर सगळ्यात आधी पोर्टल शीर मोकळी आहे का हे बघतो.

शिरेत शिरायचं तर पेशीला शेजाऱ्यांचा हात सोडावा लागतो. यकृताच्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. झेब नावाची प्रथिनं ही पकड बंद पाडतात, आणि त्या झेबना दाबून ठेवायचं काम मिर-२०० च्या कुटुंबाचं. २०० घटलं की झेब मोकळे, पकड सुटते, एका जागी बसलेली पेशी लांबुळकी होऊन सरपटू लागते. मग वाट करावी लागते. अडाम-१७ हे कात्रीसारखं प्रथिन १२२ च्या ताब्यात असतं. १२२ उतरलं की कात्री मोकाट. गाठीतलं १२२ घटणं आणि पसरणं यांचा एक दुवा हा. तिसरं मिर-१५१. त्याचं जनुक एफएके नावाच्या जनुकाच्या पोटातच आहे, आठव्या गुणसूत्राच्या ज्या टोकाच्या प्रती या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढतात तिथेच. एफएके पेशीला पाय रोवून पुढे सरकायला मदत करतं, आणि १५१ तिला आवरणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला दाबतं. दोघं जोडीने वाढतात आणि जोडीने यकृताच्या आत पेशी पसरवतात.

हिपॅटायटिस बी मधली एक साखळी २०१२ मध्ये उलगडली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बी ने सुजलेल्या यकृतात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन वाढलेलं असतं. ते मिर-३४ए ला खाली आणतं. ३४ए एरवी सीसीएल-२२ नावाच्या संदेशाला अडवत असतं, तो सुटतो. आणि हा संदेश अशा पांढऱ्या पेशींना बोलावून आणतो, ज्यांचं काम प्रतिकारशक्तीला 'जरा सबुरीने' म्हणण्याचं. पहारेकरीच ढिले पडल्यावर शिरेत शिरलेली कॅन्सरची पेशी निवांत तग धरते. बी च्या रुग्णांत पोर्टल शिरेत गाठ का शिरते, याचं एक कारण असं हातात आलं. विषाणू, सूज, एक छोटा आरएनए आणि प्रतिकारशक्ती एकाच दोरीत ओवलेली.

याशिवाय गाठ आपले मायक्रोआरएनए चरबीच्या इवल्या पुड्यांत बांधून रक्तात सोडते. या पुड्या रक्तवाहिनीच्या भिंतीचे सांधे सैल करतात, फुप्फुसातल्या आधार-पेशींना चिथवतात. बियाणं पडण्याआधीच वाफा तयार. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत हे चांगलं दिसलंय.

म्हणजे रक्तात मायक्रोआरएनए सापडतात, आणि आश्चर्य म्हणजे ते टिकतातही. मग तुमच्या रिपोर्टचं काय बिनसलं?

गाठीत १२२ घटतं, हे गाठीच्या तुकड्यात मोजलेलं. रक्तात जे १२२ सापडतं ते मुख्यतः मेलेल्या, फुटलेल्या यकृत-पेशींतून सांडलेलं. पेशी फुटली की तिच्यातलं एसजीपीटी नावाचं एन्झाइम रक्तात येतं, तसंच १२२. बी ची सूज, चरबीचं यकृत, पॅरासिटामॉलचा अतिरेक, काविळीची साथ, सगळ्यांत ते वाढतं. वडिलांच्या गाठीभोवती पंधरा वर्षं विषाणूने पोखरलेलं यकृत आहे. रक्तातलं १२२ तिथून आलेलं असणार. त्यावरून 'गाठ पसरणार' म्हणणं म्हणजे गल्लीत विटा पडलेल्या बघून आत बंगला बांधतायत असं ठरवणं. भिंत पडली असेल! तुमच्याकडे त्याच आठवड्यातला एसजीपीटी आहे का? बहुधा तोही चढलेला असेल. मिर-२१ तर सूज, हृदयविकार, इतर अनेक कॅन्सर, कशातही वाढतं.

दुसरी गोष्ट नमुन्याची. काही वर्षांपूर्वीची आमचीच फजिती सांगतो. मे महिन्यात बाहेरगावाहून काही नमुने आले. डब्यातला बर्फ केव्हाच वितळला होता, आणि एरवी पिवळसर असणारं सीरम फिकट गुलाबी. 'चालेल' म्हणून लावले. तुलनेसाठी आम्ही तेव्हा मिर-१६ वापरत होतो, म्हणजे बाकी सगळ्यांचं माप १६ च्या हिशोबात. आता १६ आणि ४५१ तांबड्या पेशींत ठासून भरलेले असतात. प्रवासात तांबड्या पेशी फुटल्या, १६ भरमसाट वाढलं, आणि त्याच्या तुलनेत बाकी सगळेच 'कमी' दिसले. दोन दिवस आम्ही खुशीत होतो की काहीतरी मोठं सापडलं. तिसऱ्या दिवशी आमच्या तंत्रज्ञ बाईंनी ट्यूब उजेडात धरली आणि विचारलं, "सर, हे सीरम आहे की रूह अफ्झा?" तेव्हापासून नमुन्याचा रंग बघितल्याशिवाय मी कुठलाही मायक्रोआरएनए रिपोर्ट वाचत नाही. तुमच्या रिपोर्टवर नमुन्याची स्थिती लिहिली आहे का? ट्यूब कोणती होती? रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिनची असेल तर पीसीआर, म्हणजे मोजण्याची पद्धतच, बिघडते. तुलना कशाशी केली? आणि 'जास्त' म्हणजे कुणापेक्षा जास्त: निरोगी माणसापेक्षा की बी असलेल्या पण गाठ नसलेल्या माणसापेक्षा? यांतलं काही लिहिलेलं नसेल तर तो आकडा नुसती शोभा.

अनेक मायक्रोआरएनए एकत्र मोजून निदान करायचे प्रयत्न गंभीरपणे झालेत. २०११ मध्ये चीनमध्ये बी च्या रुग्णांत सात मायक्रोआरएनएचा संच तपासला गेला, आणि लहान गाठी ओळखण्यात तो आशादायक निघाला. त्यात १२२, २१ आणि २६ए होते. पण तो संच 'गाठ आहे का' या प्रश्नासाठी होता. तुमच्या वडिलांची गाठ तर सोनोग्राफीत दिसलेली आहे.

औषधाबद्दल. दोन कहाण्या सांगाव्या लागतील. १२२ ला दाबणारं मिराविर्सेन नावाचं इंजेक्शन हिपॅटायटिस सी साठी आलं, २०१३ मध्ये ३६ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले गेले, विषाणू खरंच उतरला. पण त्याच वर्षी सोफोसबुविर आलं आणि सी गोळ्यांनी बरा होऊ लागला, त्यामुळे इंजेक्शन मागे पडलं. दुसरं एमआरएक्स-३४. हे तुमच्या प्रश्नाच्या जवळचं, कारण यात घटलेलं ३४ए बाहेरून भरायचं होतं, चरबीच्या थेंबांत घालून शिरेतून. २०१३ मध्ये माणसांवर सुरुवात झाली, यकृताच्या कॅन्सरचे रुग्णही त्यात होते. काही गाठी खरोखर आक्रसल्या. पण प्रतिकारशक्ती भडकून गंभीर त्रास झाले, चार रुग्ण दगावले, आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. मी त्या काळात व्याख्यानांत या औषधाचं भरभरून कौतुक करत असे. आता जपून बोलतो.

अडचण पोचवण्याची आहे. यकृताच्या पेशीवर एक विशिष्ट साखर ओळखणारं दार असतं, आणि त्या दाराने छोटे आरएनए आत जातात. कोलेस्टेरॉलसाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इन्क्लिसिरान असंच जातं. पण कॅन्सरची पेशी यकृतपण विसरते तेव्हा बऱ्याचदा हे दारही काढून टाकते. औषध शेजारच्या चांगल्या पेशीत जातं, हवं तिथे नाही. तेव्हा १२२ देणारं इंजेक्शन आज कुणी विकत असेल तर घेऊ नका.

वडिलांचं आता काय करायचं? पावणेतीन सेंटिमीटरची एकटी गाठ म्हणजे हातात बरंच काही आहे. सीटी साधा नको, ट्रिपल फेज (शिरेतून औषध देऊन तीन टप्प्यांत काढलेला) सांगा. बी किंवा सिरॉसिसच्या रुग्णात गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली आणि नंतर शेजारपेक्षा फिकी पडली, तर बायोप्सीशिवायही निदान पक्कं धरतात. सोबत एएफपी (या कॅन्सरची रक्तातली एक खूण), एचबीव्ही डीएनए (बी चा विषाणू किती आहे ते), बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), प्लेटलेट. यांवरून यकृतात किती दम उरलाय ते कळतं, आणि शस्त्रक्रिया, सुई घालून गाठ जाळणं की प्रत्यारोपण हे त्यावर ठरतं. बी साठी टेनोफोविर किंवा एन्टेकाविर अजून सुरू नसेल तर यकृताच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. गाठ काढली तरी विषाणू तिथेच असतो, आणि औषधाने तो दबला की पुन्हा गाठ होण्याची शक्यता कमी होते. घरात काढे, लिव्हर टॉनिक काही चालू असेल तर आजच बंद. शेव-उसळ महिन्यातून एकदा खाल्ली तर माझी हरकत नाही, एवढं काकांना माझ्याकडून सांगा.

लॅबने तीन महिन्यांनी 'फॉलोअप पॅनेल' सुचवलंय असं लिहिलंत. ते नको. त्याच पैशात घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे बी ची, तपासणी होईल: आई, तुम्ही, बहीण. निगेटिव्ह आलात तर लशीचे तीन डोस घ्या, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. बी बऱ्याचदा आईकडून जन्मावेळी मुलाकडे येतो. म्हणजे वडिलांना तो आजीकडून आला असेल, तर त्यांच्या भावंडांतही असू शकतो. तुमची आत्या सुरतेला असते ना? आज संध्याकाळी तिला फोन करा.